गुपित कोणाचे, आणि किती दिवसांचे?

बुटीबोरीच्या एका कारखान्यातील तरुण कामगार मध्यंतरी आमच्याकडे एक कागद घेऊन आला. कारखान्याची माहिती कोणास सांगणार नाही आणि नोकरी सोडल्यावरही हे काम दुसरीकडे करणार नाही, असे त्यात इंग्रजीत लिहिलेले. खाली त्याची सही. "भाऊ, माझे तोंडही बांधले आणि हातही बांधले का?" त्याने विचारले.

या प्रश्नाला इतिहास आहे. आमच्या नागपुरात कोष्ट्याचे कसब बापाकडून मुलाकडे जाई. त्याला करार लागत नसे. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, काम घरातून गिरणीत गेले, आणि शिकलेली विद्या कामगाराची की मालकाची, हा तंटा उभा राहिला. त्याआधीच, १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने ठरविले होते की, माणसाला कायदेशीर धंदा करण्यास अटकाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्द.

पुढे कल्याणच्या एका कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सेंच्युरी कंपनीने टायरच्या दोऱ्याची कृती परदेशी कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर घेतली होती. तेथील शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला, शिक्षण घेतले आणि मुदतीपूर्वीच राजस्थानातील प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी धरली. १९६७ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पण मनाई होती ती त्याच कामापुरती आणि कराराच्या मुदतीपुरतीच. नोकरी चालू असतानाचे बंधन वेगळे आणि ती संपल्यानंतरचे वेगळे, हा भेद न्यायालयाने स्पष्ट केला.

म्हणजे कृतीचे गुपित खरे असू शकते, आणि ते पाळणे ही प्रामाणिकपणाचीच गोष्ट आहे. पण सगळेच काही गुपित नसते. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने नोकरीचे नियम कामगारांना समजणाऱ्या भाषेत दरवाज्याजवळ लावावयास लावले. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, आणि धोकादायक कारखान्यातील धोका कामगारांना सांगणे मालकावर बंधनकारक झाले. हा हक्क माणसे मेल्यावर मिळाला, हे आपण विसरू नये.

त्या तरुणाला आम्ही सांगितले: कृती बाहेर सांगू नकोस, ती तुझी नाही. पण पगार, अपघात आणि अन्याय यांवर तोंड उघड. नोकरी सुटली तर हातांचे कसब तुझ्याबरोबर येईल. आणि पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी कागद मराठीत समजावून माग.