ग्रंथाचे बाह्यरूप व वाचक : वऱ्हाडातील परंपरा

ग्रंथाचा आकार, बांधणी, कागद, लिपी वा टंक, शाई आणि वेष्टन ह्यांच्या समुच्चयास ग्रंथाचे बाह्यरूप म्हणता येईल. हे रूप म्हणजे मजकुराचे केवळ पात्र होय, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ग्रंथ कोणासाठी आहे, तो कोठे व कसा वाचावयाचा आणि त्याला हात लावण्याचा अधिकार कोणास आहे, ह्याचा बोध वाचकाला मजकुराआधी रूपावरूनच होतो. वऱ्हाडाच्या ग्रंथपरंपरेत ह्याची परस्परविरोधी अशी दोन ठळक उदाहरणे आढळतात. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ ह्या प्रदेशात रचला गेला आणि पुढे लिपीच्या आवरणामुळे पंथाबाहेरील वाचकाला शतकानुशतके अपरिचित राहिला. उलट विसाव्या शतकात ओळखीच्या रूपाच्या आधारे नवा विचार ह्याच प्रदेशातील खेडोपाडी पोहोचला.

महानुभाव हस्तलिखिते : रिद्धपूर (ता. मोर्शी, जि. अमरावती) हे महानुभाव पंथाचे प्रमुख तीर्थस्थान. पंथसंस्थापक चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू ह्यांचे वास्तव्य येथे होते. चक्रधरांनंतर नागदेवाचार्य व त्यांचा शिष्यपरिवार येथे एकत्र आला आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी संकलित करून लीळाचरित्र सिद्ध केले. शास्त्रग्रंथ संस्कृतात लिहिण्याच्या प्रथेस नागदेवाचार्यांचा विरोध होता; संस्कृत न जाणणाऱ्या साध्या अनुयायी स्त्रिया त्यामुळे ज्ञानाला मुकतील, अशी त्यांची भूमिका पंथाच्या परंपरेत नोंदलेली आहे. भाषेची निवडच अशा रीतीने वाचक व श्रोता डोळ्यांपुढे ठेवून झाली होती.

पुढे मात्र ह्या वाङ्मयाभोवती एक आवरण निर्माण झाले. पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी इ. सांकेतिक लिप्यांत लिहावयास प्रारंभ केला. सकळ लिपीत एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण वा चिन्ह योजलेले असते. त्यामुळे साक्षर माणसाने पोथी उघडली, तरी त्याला अक्षरे दिसत. पण त्यांतून अर्थ लागत नसे. ह्या लिप्या का निर्माण झाल्या, ह्याविषयी मतभेद आहेत. पवित्र वचनांत फेरफार होऊ नये, अनधिकारी व्यक्तीच्या हाती ती पडू नयेत आणि विरोधकांपासून त्यांचे रक्षण व्हावे, अशी निरनिराळी कारणे सांगितली जातात. पुष्कळ महानुभाव हस्तलिखिते सुट्या पानांच्या पोथ्यांऐवजी शिवलेल्या बाडांच्या स्वरूपात आढळतात. बाडाची पाने विखरून हरवत नाहीत. फिरत्या संन्याशांना अशी बांधणी सोयीची ठरत असली पाहिजे.

ह्या रूपाचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे मठामठांतून ग्रंथांची जपणूक होऊन तेराव्या शतकातील मराठीचे स्वरूप बऱ्याच अंशी टिकून राहिले. दुसरीकडे, सर्वांना समजावे म्हणून मराठीत निर्माण झालेले वाङ्मय बहुसंख्य मराठी वाचकांच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नव्हते. ग्रंथांत काय दडले आहे, ह्याविषयी बाहेर गैरसमजही पसरले. कारण न वाचता येणाऱ्या ग्रंथाविषयी कोणतीही वदंता खपते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या प्रयत्नांनी सकळ लिपीचा उलगडा झाला. त्यानंतर नागपूरचे ह. ना. नेने, यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि वऱ्हाडातच जन्मलेले वि. भि. कोलते ह्यांनी ह्या वाङ्मयाच्या अभ्यासास व प्रकाशनास चालना दिली. नेने ह्यांनी लीळाचरित्राचे भाग १९३६ पासून नागरी लिपीत छापून प्रसिद्ध केले, तर कोलते ह्यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. मुद्रणाबद्दल पंथातून आक्षेपही घेतले गेले. जे वचन गुरूकडून अधिकाराने मिळावयाचे, ते इतर छापील पुस्तकांसारखे सर्वांपुढे यावे हे श्रद्धावंतांना खटकणे स्वाभाविक होते. बाह्यरूपातील बदल हा वाचकाच्या अधिकारातील बदल असतो, हे ह्या वादातून स्पष्ट होते.

छापील पोथी : मुद्रणाच्या आगमनानंतर हाच प्रश्न महाराष्ट्रात सर्वत्र वेगळ्या रीतीने उपस्थित झाला. छापखान्याच्या शाईत प्राण्यांची चरबी असते, ह्या समजुतीने अनेक धर्मनिष्ठ लोक छापील कागदाला शिवत नसत. मुंबईच्या गणपत कृष्णाजी ह्यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले. शाईसाठी ते चरबीऐवजी तूप वापरीत, अशी माहिती मिळते. जावजी दादाजी ह्यांच्या निर्णयसागर छापखान्याने (१८६९) सुबक नागरी टंक व शुद्ध मुद्रण ह्यांचा आदर्श निर्माण केला. धार्मिक ग्रंथ छापताना अनेक मुद्रकांनी हस्तलिखिताचे रूप कायम ठेवले : आडवी सुटी पाने, ठळक अक्षर आणि अध्यायाच्या शेवटी समाप्तिवाक्य. अशी पोथी पाटावर ठेवून मोठ्याने वाचता येई आणि वाचन संपल्यावर रुमालात बांधून देवघरात ठेवता येई. ग्रंथ यंत्रावर निघालेला असला, तरी त्याचे रूप परंपरेचे असल्याने वाचकाचा संकोच मावळला. भुसावळहून अकोला–बडनेरा मार्गे जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला आणि मुंबईकडील छापील ग्रंथ वऱ्हाडात येणे सुकर झाले.

विसाव्या शतकातील ओवीग्रंथ : जुन्या रूपाची ही शक्ती वऱ्हाडातील दोन लोकप्रिय ग्रंथांत प्रत्ययास येते. शेगावच्या (जि. बुलढाणा) गजानन महाराजांचे दासगणूकृत चरित्र श्रीगजानन विजय (१९३९) हे २१ अध्यायांत व ओवीछंदात आहे. त्याची रचना पारायणास अनुकूल असल्याने तो ग्रंथ वाचण्याइतकाच घरात पूजनीय वस्तू म्हणून ठेवण्याचा झाला. तुकडोजी महाराजांची (१९०९–६८) ग्रामगीता (१९५५) अधिक बोलकी आहे. गुरुकुंज मोझरी (जि. अमरावती) हे त्यांच्या कार्याचे केंद्र. ४१ अध्यायांच्या ह्या ग्रंथाचा विषय ग्रामसफाई, श्रमदान, ग्रामोद्योग, आरोग्य, स्त्रियांची उन्नती व अस्पृश्यतानिवारण असा सर्वस्वी आधुनिक आहे; पण नाव, ओवी व अध्यायरचना पोथीची आहे. हेच विचार शासकीय पत्रकाच्या रूपाने आले असते, तर ते कदाचित चावडीवरच पडून राहिले असते. पोथीच्या रूपामुळे त्यांना सामुदायिक प्रार्थनेत स्थान मिळाले, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही कानी ते पडले.

ग्रंथालये व वेष्टने : पोथीखेरीज इतर वाङ्मयाच्या वाचनास सार्वजनिक वाचनालयांनी गती दिली, अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय हे वऱ्हाडातील अशा जुन्या संस्थांपैकी एक होय. अमरावती येथे १९२३ मध्ये विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास दीनानाथ दलाल (१९१६–७१) ह्यांच्यासारख्या चित्रकारांमुळे मराठी पुस्तकांना आकर्षक वेष्टने लाभली आणि दुकानातील ग्राहकाची दृष्टी प्रथम चित्रावर जाऊ लागली. इंग्लंडमध्ये पेंग्विन प्रकाशनाने १९३५ पासून कादंबरीस नारिंगी, गुन्हेगारी कथेस हिरवा असे रंग ठरवून वेष्टनालाच विषयसूचक केले होते. वाचनालयात मात्र टिकाऊ बांधणीसाठी वेष्टन काढून सर्व पुस्तकांना एकसारखे जाड पुठ्ठे व कापडी पाठ चढविण्याची पद्धत रूढ होती. कपाटे कुलूपबंद असत. तेथे वाचक लेखकाचे नाव, यादी आणि ग्रंथपालाचा सल्ला ह्यांवर विसंबे. हाताळून मळलेली पाने हीच पुस्तकाच्या लोकप्रियतेची खूण ठरे. कपाटे वाचकांना खुली असावीत, ह्या एस. आर. रंगनाथन ह्यांच्या आग्रहामागे (१९३१) ग्रंथ व वाचक ह्यांची प्रत्यक्ष भेट घडविण्याचा हेतू होता.

रूप चांगले की वाईट, हा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो; ते वाचकाला आत घेते की बाहेर ठेवते, हे पाहावे लागते. सकळ लिपीने ग्रंथ राखले व वाचक दुरावले. पोथीच्या आकाराने यंत्रमुद्रित व नवविचारी ग्रंथांना घराचे दार उघडून दिले. रिद्धपूर येथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. ज्या गावी मराठी ग्रंथ प्रथम सर्वांसाठी रचला गेला, तेथेच तो सर्वांना अभ्यासता यावा अशी सोय त्यामुळे होत आहे.