चित्रपटमालेवरील व्हिडिओ खेळ

अद्‌भुतरम्य चित्रपटमालेतील पात्रे व प्रसंग घेऊन रचलेला लढाऊ व्हिडिओ खेळ. चित्रपटात नायकाचा विजय पटकथेनेच ठरलेला असतो. खेळात पराभवाचीही शक्यता ठेवावी लागते. रूपांतराची मुख्य अडचण हीच होय. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या मालेवरील ‘द टू टॉवर्स’ (२००२) या खेळात प्रामुख्याने अ‍ॅरागॉर्न, लेगोलास व गिम्ली हे योद्धे खेळाडूच्या वाट्यास येतात. अंगठीचा भार वाहणारा फ्रोडो येत नाही. त्यामुळे मोहाची कथा मागे पडून युद्ध तेवढे उरते. भारतात ‘रा.वन’ (२०११) या एकाच हिंदी चित्रपटावर मुंबईच्या ट्राइन संस्थेने त्याच वर्षी प्लेस्टेशनसाठी खेळ तयार केला. व्हिडिओ खेळातून वास्तवात उतरणारा त्यातील खलनायक अशा रीतीने पुन्हा खेळात परतला. झुंजीचा निकाल मात्र आता खेळणाऱ्याच्या हाती आला.