एनिडमधली रात्र

२८ एप्रिल १९३०. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातलं एनिड गाव. दिवस मावळलाय आणि तुम्ही बेसबॉलच्या मैदानाच्या कडेला उभे आहात. एरवी ही घरी परतायची वेळ. चेंडू दिसेनासा झाला की खेळ संपला. आज मात्र खेळ आता सुरू व्हायचाय.

कडेला ट्रक लागलेत. त्यांच्यावरचे खांब हळूहळू वर सरकतात, टोकाला दिव्यांचे झुबके. जनरेटर घरघरू लागतो आणि थांबायचं नावच घेत नाही. शेजाऱ्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. दिवे पेटतात. कॅन्सस सिटी मोनार्क्सचे खेळाडू मैदानात येतात, सगळे कृष्णवर्णीय. समोर फिलिप्स विद्यापीठाची गोरी पोरं.

कुणीतरी चेंडू उंच टोलवतो. तो दिव्यांच्याही वर जाऊन काळोखात गडप होतो. खाली एक खेळाडू मान वर करून, हातमोजा उघडून नुसता वाट बघतोय. चेंडू परत उजेडात येईपर्यंत तुम्हीही श्वास धरून ठेवता.

एवढा खटाटोप कशासाठी? मंदीचे दिवस आहेत. भरदुपारी सामना ठेवला तर कामावरचा माणूस येणार कसा? म्हणून मोनार्क्सचे गोरे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी होतं नव्हतं ते गहाण टाकून हे फिरते दिवे बनवून घेतलेत. मेजर लीगची, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीची, दारं या कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद आहेत. तसा लेखी नियम कुठेच सापडणार नाही. तिथल्या संघमालकांनी आपापसांत ठरवून टाकलंय. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघाकडून त्या पातळीवर खेळला, पण पुढे ती वाट बुजली. अखेर १९२० मध्ये रूब फॉस्टरने कॅन्सस सिटीत कृष्णवर्णीय संघांच्या मालकांना एकत्र बसवलं आणि नीग्रो नॅशनल लीग उभी राहिली.

सामना संपतो, खांब खाली येतात. आता पुढचं गाव. अशा कृष्णवर्णीय संघांना वाटेत कित्येक हॉटेलांत खोली मिळत नाही, खानावळीत टेबल मिळत नाही. मग गाडीतच खायचं, गाडीतच पाठ टेकायची आणि उतरलं की पुन्हा खेळायचं.

मेजर लीगने आपला दिव्यांखालचा पहिला सामना सिनसिनाटीत भरवला तो २४ मे १९३५ रोजी. एकेकाळी मोनार्क्सकडून खेळलेला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सच्या गणवेशात उतरायला १५ एप्रिल १९४७ उजाडावा लागला. मोनार्क्सचा बुलेट रोगन चेंडूफेकीत जितका तरबेज, तितकाच बॅट चालवण्यात. मेजर लीगचं मैदान मात्र त्याच्या वाट्याला कधीच आलं नाही. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं १९९८ मध्ये. त्याला जाऊन तेव्हा ३१ वर्षं झाली होती.