वऱ्हाडातला ऱ आणि जगातला ज

स्मरणिकेच्या इतिहासाच्या पानांवर आजवर छत्रीबाग आली, राजवाडा आला, महेश्वरचे घाट आले. यंदा आम्ही फार जुन्यात शिरत नाही. गेल्या तीसेक वर्षांतलीच हकीकत आहे. ती आपल्या डोळ्यांदेखत घडली, पण घडत असताना तिला इतिहास म्हणावे असे कोणाला वाटले नाही. संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षर नीट उमटावे आणि मराठी उच्चार कोणत्याही यंत्रावर ऐकू यावा, यासाठी जी खटपट झाली, तिची ही गोष्ट. तिचे मुख्य ठिकाण विकिपीडिया. शेकडो भाषांची माणसे एकाच घरात संसार मांडू लागली की कोणाचे भांडे कोणत्या फळीवर ठेवायचे हा प्रश्न रोजच उभा राहतो, आणि तिथे तो राहिला.

इंदूरच्या मराठी माणसाला हा विषय पुणेकरापेक्षा अधिक जवळचा वाटावा. पुण्यात देवनागरी म्हणजे मराठी. इथे देवनागरी म्हणजे आधी हिंदी. दुकानाची पाटी, मुलांचे पुस्तक, आमच्या कचेरीतली टिपणी, सारे देवनागरीतच असते. पण त्या देवनागरीला वऱ्हाडातल्या अर्ध्या ऱची गरज पडत नाही, ॲ लागत नाही, आणि तिचा ल आपल्या लहून निराळा. बडोद्याच्या मराठी माणसाला गुजराती लिपी आणि बेळगावकराला कन्नड लिपी निदान वेगळी दिसते. आपली लिपी तीच असल्यामुळे तिच्यातले काही गळाले तरी ते चटकन ध्यानात येत नाही.

१९९०च्या दशकात संगणकावर देवनागरी दिसे ती बहुतेक सोंग घेऊन. शिवाजी, सुरेख, कृतिदेव असे अनेक टंक होते. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी-हिंदी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. वर फक्त मुखवटा. तो टंक दुसऱ्या यंत्रावर नसला की मुखवटा गळून पडे आणि अनर्थक इंग्रजी अक्षरे उरत. एका टंकातला मजकूर दुसऱ्यात उघडला तरी तीच गत. छापखान्याचे यावर भागे, कारण कागदावर चित्र उमटले की काम झाले. ज्ञानकोशाचे यावर भागणे शक्य नव्हते. तिथे एकाने लिहायचे, दुसऱ्याने दुरुस्त करायचे, तिसऱ्याने शोधून काढायचे.

यावरचा उपाय आधीच तयार होत होता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची संकेतप्रणाली १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तिचा आराखडा मोठा समजुतीचा होता. सर्व भारतीय लिप्यांना एकच सामाईक तक्ता; बंगालीचा क आणि तेलुगूचा क एकाच घरात, फक्त दिसायला वेगळे. त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिने १९८८च्या इस्कीवरून देवनागरीची मांडणी घेतली आणि देवनागरीला १२८ घरे दिली.

त्या घरांतले एक घर आपल्या दृष्टीने फार गमतीचे आहे. ऱ हे टिंबवाले अक्षर तक्त्यात आले ते दक्षिणेकडच्या भाषांतला वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून. मराठीत पूर्ण ऱ कोणी सुटा लिहीत नाही. पण आपल्याला त्याचा अर्धा तुकडा हवा होता: वऱ्हाड, कुऱ्हाड, पायऱ्या, तऱ्हा. तेव्हा ठरले की या ऱला हलन्त जोडले की मराठीचा अर्धा ऱ उमटावा. म्हणजे वऱ्हाड संगणकात पोहोचले ते द्राविडी अक्षराच्या खांद्यावर बसून. हा अर्धा ऱ नसला तर काय होते ते गणेशोत्सवाच्या हिशेबवहीतच पाहावे. आचार्यांना दिली जाते ती दक्षिणा, आचाऱ्यांना दिली जाते ती मजुरी. रफार आणि अर्धा ऱ यांत एवढा व्यवहाराचा फरक आहे!

इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी. त्या वेळी बहुभाषिकतेची व्यवस्था किती कच्ची होती ते आज खरे वाटणार नाही. इंग्रजी विकिपीडिया २००५ पर्यंत पश्चिम युरोपी भाषांच्या संकेतांवर चालत होता. तिथल्या लेखात कोणाला क लिहायचा असेल तर त्याचा क्रमांक, २३२५, खुणांमध्ये गुंडाळून द्यावा लागे. एक ओळ मराठी लिहायची म्हणजे पानभर आकडे. मराठीची सारी भिस्त युनिकोडवर होती, पण तिथेही प्रत्येक देवनागरी अक्षरखूण इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा घेते. लेखाच्या शीर्षकाला २५५ बाइटांची मर्यादा असल्याने इंग्रजीत २५५ अक्षरे मावतात, तर आपल्याला काना-मात्रा-हलन्त धरून ८५ खुणा. आपल्याकडच्या काही संस्थांची नावे पाहता ही मर्यादा तशी शहाणपणाचीच म्हणायची.

संकेत ठरला तरी अक्षर दिसण्याचा प्रश्न सुटला नव्हता. युनिकोडमध्ये शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवतात: ‘शि’मध्ये आधी श, मग ऱ्हस्व वेलांटी. ती वेलांटी उचलून श च्या अलीकडे नेणे, र-त-य यांची जोडाक्षरे बांधणे, हे काम पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रणेचे. विंडोज २००० मध्ये ही सोय आणि ‘मंगल’ हा टंक आला. तो टंक प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला. जोशी मुळात मराठी कवी आणि सुलेखनकार होते. पडद्यावरची पहिली सर्वदूर पोहोचलेली देवनागरी एका कवीच्या हातची आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. पुढच्या विंडोज एक्सपीमध्ये सोय होती, पण ती मुळात चालू नसे. तबकडी घालून जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण करावी लागे. ती केली नाही की ‘शिव’चा ‘शवि’ होई, जोडाक्षरांचे हलन्त उघडे पडत, आणि टंकच नसला तर नुसते चौकोन. ‘गणपती’ कसाबसा तरून जाई, ‘सिद्धिविनायक’ मात्र ओळखू येत नसे. म्हणून विकिपीडियावर भारतीय लिप्यांचे साहाय्यपान लागले: आपल्याला वेलांट्या चुकीच्या जागी दिसत आहेत का, मग अमुक खूण करा. २०११च्या सुमारास टंकच पानाबरोबर पाठवण्याची व्यवस्था झाली आणि वाचणाऱ्याने आपल्या यंत्रावर काय बसवले आहे याची काळजी सरली.

ॲची कथा आम्हाला सर्वांत बोधक वाटते. बॅट, कॅमेरा यांतली अर्धचंद्राची मात्रा तक्त्यात होती. पण शब्दाच्या आरंभी येणारा सबंध ॲ नव्हता. हिंदीत ऐ किंवा ए लिहून भागते, म्हणून कोणाचे अडलेही नव्हते. अडले ते मराठीचे. लोकांनी अवर तीच मात्रा चढवून काम काढले. काही यंत्रणा त्यावर रुसत आणि मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ दाखवत, म्हणून काहींनी मध्ये डोळ्यांना न दिसणारी जोडखूण घातली. अखेर एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ॲला स्वतःचे घर मिळाले, आणि ६ नोव्हेंबर २००९च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयात तो प्रमाण वर्णमालेतही बसला. पण तोवर एकच ॲ तीन प्रकारे लिहिला गेला होता. डोळ्यांना तिन्ही सारखे, यंत्राला तीन निराळे शब्द. एका प्रकारे शोधा, दुसऱ्या प्रकारे लिहिलेला लेख सापडणार नाही. मग पुनर्निर्देशने ठेवणे, जुने बदलून नवे घालणे, हे काम विनामूल्य राबणाऱ्यांनी केले. अर्ध्या ऱचेही दोन प्रकार असेच सांभाळावे लागतात. घर उशिरा मिळाले की पत्ता बदलण्याचा त्रास किती काळ पुरतो, हे आपल्याला स्थलांतरितांच्या वंशजांना समजावून सांगायला नको.

ल आणि श यांना वेगळे घर मिळालेले नाही, आणि ते योग्यच झाले. अक्षर एक, वळण दोन. पान मराठीचे आहे अशी खूण असेल आणि टंकात सोय असेल, तर मराठी वळण उमटते. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत जागा मिळाली. इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या दफ्तरांतले कागद मूळ लिपीत टंकता येण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली आहे.

आता ध्वनीकडे. अक्षर कितीही नेटके उमटले तरी उच्चार त्यात मावत नाही. ‘हे जग’ यातला ज आणि ‘सुखाने जग’ यातला ज लिहायला एकच, बोलायला दोन. ‘चार’चा च तालव्य, ‘चारा’चा दंततालव्य. चोर हा शब्द हिंदीतही आहे आणि मराठीतही. इथे वाढलेले मूल तो हिंदी चने म्हणते आणि आजीला खटकते. शुद्धलेखनाचे कोणतेही पुस्तक हे दाखवू शकत नाही. ते ऐकवावे लागते.

विकिपीडियाची सामाईक चित्रे-ध्वनींची कोठी, विकिमीडिया कॉमन्स, ७ सप्टेंबर २००४ रोजी उघडली. जगभर गाणी एमपी३ मध्ये ऐकली जात होती, पण कोठीत एमपी३ला मज्जाव. कारण त्या तंत्रावर पेटंट होते. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने १९९८ मध्ये वापराचे पैसे मागायला सुरुवात केली होती. जे ज्ञान कोणीही विनामूल्य घ्यावे, ते उघडायलाच दुसऱ्याचा परवाना लागावा हे विकिपीडियाच्या लोकांना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी ‘ऑग व्हॉर्बिस’ हा मुक्त प्रकार धरला, ज्याची पहिली पक्की आवृत्ती २००२ मध्ये आली होती. तत्त्व सांभाळले, पण ऐकणाऱ्याचे हाल झाले. इंटरनेट एक्सप्लोररला ऑग वाजवता येत नसे, ॲपलच्या यंत्रांनाही नाही. फायरफॉक्सने २००९ मध्ये ती सोय आतच दिली. बाकीच्यांसाठी जावाची छोटी आज्ञावली जोडून वेळ निभावली. २३ एप्रिल २०१७ रोजी एमपी३चा परवाना-व्यवहार बंद झाला, पेटंटांची मुदत सरली, आणि त्याच वर्षी कॉमन्सने एमपी३ला दार उघडले, तेही आधी विश्वासू सदस्यांपुरतेच. तेरा वर्षे असे हटून बसणे काहींना हेकटपणा वाटला. आमच्या मते ते बरोबर होते. त्या काळात जमलेला एकही उच्चार परवान्याच्या वादात अडकलेला नाही.

आज ‘लिंग्वा लिब्र’ या फ्रेंच विकिमीडियावाल्यांच्या साधनावर शब्दांची यादी लावून माणूस एकामागून एक शब्द उच्चारतो, प्रत्येकाची वेगळी फाइल होते आणि वेव्ह प्रकारात, काही न गाळता, कोठीत जाते. ‘काही न गाळता’ हे महत्त्वाचे. जुन्या मोबाइलांतले ध्वनिमुद्रण बहुधा एएमआर प्रकारात होई. तो प्रकार टेलिफोनच्या बोलण्यासाठी बेतलेला. साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचे तो टाकून देतो. आणि दंततालव्य चमधली जी स-सारखी सळसळ, ती बरीचशी त्या वरच्या भागातच असते. म्हणजे आजोबांच्या मराठीचे जे वैशिष्ट्य जपायचे, नेमके तेच त्या फाइलीत पुसट झालेले असते. एमपी३ही फार लहान केला तर वरचा भाग असाच छाटतो.

मंडळातल्या अनेक घरांत अशा फाइली जुन्या मोबाइलांत पडून आहेत हे आम्ही जाणतो. त्या आहेत तशा उतरवून ठेवाव्यात, पुन्हा दाबून लहान करू नयेत. ज्या घरांत ऐंशीच्या पुढची मंडळी आहेत, तिथे शांत खोलीत वेव्ह किंवा फ्लॅक प्रकारात नव्याने मुद्रण करावे: आधी सुटे शब्द, चूल, चोर, जग, जग, पायऱ्या, मग त्यांच्या आवडीची एखादी हकीकत. बोलणाऱ्याची संमती, जन्मगाव आणि तारीख फाइलीबरोबर लिहून ठेवावी, आणि ॲ एकाच प्रकारे लिहावा.