दूध वगळून

भारतात कुठला खाद्यपदार्थ मांसाहारी ठरतो याची कायद्यात एक व्याख्या आहे. प्राणी, पक्षी, मासे, अंडी किंवा प्राण्यापासून मिळालेलं काहीही ज्यात असेल तो पदार्थ मांसाहारी. वाक्य इथेच संपलं असतं तर आपल्या स्वयंपाकघरातलं अर्धं सामान तपकिरी खुणेखाली गेलं असतं. पण पुढे लगेच अपवाद येतो: दूध आणि दुधाचे पदार्थ वगळून. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत या वगळलेल्यांच्या यादीत मध, मधमाशीचं मेण, कार्नौबा मेण आणि शेलॅक म्हणजे लाखही आहे. यातलं कार्नौबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडून काढतात. त्याचा प्राण्याशी काडीचाही संबंध नाही, तरी ते अपवादांत जाऊन बसलं आहे. लाख मात्र किड्यांची असते आणि गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकी बऱ्याचदा तिचीच असते.

या अपवादाच्या दोन शब्दांमागे मोठा इतिहास आहे.

अन्नात काय मिसळलंय ही शंका आपल्याकडे जुनी आहे, आणि तिला उत्तर देणारी खूणही ठिपक्याच्या आधीची आहे. वनस्पती तूप बाजारात आल्यावर ते साजूक तुपात मिसळून विकलं जाऊ लागलं. नुसत्या डोळ्यांनी फरक कळेना. म्हणून वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. तिळाच्या तेलाची एक सोपी रासायनिक चाचणी आहे, तिच्यात लाल रंग येतो. तुपाच्या नमुन्यात लाल रंग दिसला की भेसळ पकडली जायची. म्हणजे लेबल डब्यावर नव्हतं, थेट तेलातच होतं. मला ही कल्पना अजूनही फार हुशारीची वाटते. पण ती तुपाच्या शुद्धतेची राखण करत होती, वनस्पतीच्या नाही. १९८३ साली वनस्पतीतच गाईची चरबी मिसळली जात असल्याचं प्रकरण देशभर गाजलं, तेव्हा तिळाच्या तेलाचा काही उपयोग नव्हता.

पाकिटावरची खूण यायला २००० साल उजाडलं. तेव्हा आली ती फक्त तपकिरी: तपकिरी चौकटीत तपकिरी गोल, म्हणजे मांसाहारी. खूण नसेल ते शाकाहारी समजायचं. हिरवी खूण डिसेंबर २००१ च्या अधिसूचनेने आली. मधल्या काळात एक घटना घडली. अमेरिकेत मॅकडॉनल्ड्सने १९९० मध्ये बटाट्याचे फ्राइज गाईच्या चरबीऐवजी वनस्पती तेलात तळायचं जाहीर केलं होतं. अनेक हिंदू आणि शाकाहारी माणसं ते निर्धास्त खात होती. २००१ मध्ये उघड झालं की तेल बदललं असलं तरी स्वादासाठी गोमांसाचा अर्क वापरला जातो. सिएटलमध्ये खटला दाखल झाला आणि पुढे एक कोटी डॉलरची तडजोड झाली. इकडे भारतातल्या फ्राइजमध्ये असलं काही नाही असं कंपनी सांगत असतानाही ठाण्यातल्या मॅकडॉनल्ड्सची तोडफोड झाली. खूण नसेल तर अफवा आणि बातमी यांत फरक करता येत नाही, आणि मग दगड हातात येतो.

हिरव्या-तपकिरी खुणांचा जन्म असा विटाळाच्या भीतीतून झाला. त्या खुणा विचारतात, ‘माझ्या तोंडात काय जातंय?’ त्या जनावराचं काय झालं, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत नाही. म्हणूनच दूध वगळता आलं. सोवळ्यात दूध चालतंच, उलट ते सोवळं करतं.

तो दुसरा प्रश्न विचारणारे आपल्याकडे नव्हते असं नाही. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं. कलकत्त्यात गाई-म्हशींकडून अधिक दूध काढण्यासाठी ‘फुका’ नावाचा क्रूर प्रकार चालतो हे कळल्याचा त्या निर्णयात वाटा होता. १९१८ च्या आजारपणाने ते खंगले. हवापालटासाठी माथेरानला गेले, तिथलं पाणी मानवलं नाही. मुंबईत डॉ. दलालांनी दुधाशिवाय शरीर भरणार नाही असं सांगितलं. गांधीजी प्रतिज्ञेकडे बोट दाखवत राहिले, आणि कस्तुरबांनी वाट काढली: प्रतिज्ञा घेताना मनात गाय आणि म्हैस होती, शेळीचं काय? ते शेळीचं दूध प्यायले, आणि आत्मकथेत लिहून गेले की आपण प्रतिज्ञेची अक्षरं पाळली, आत्मा नाही. अपवादाच्या कलमाबद्दल इतकं स्वच्छ कुणी क्वचितच लिहिलं असेल.

इंग्लंडमध्ये हा वाद १९४४ साली फुटला. शाकाहाऱ्यांची तिथली संस्था १८४७ पासूनची. लेस्टरमध्ये सुतारकाम शिकवणारे डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे काही मित्र दूध-अंडीही न खाणारे होते. संस्थेत आपल्याला वेगळी जागा मिळावी ही त्यांची मागणी फेटाळली गेली, तेव्हा नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांनी वेगळी संस्था काढली. ‘व्हेजिटेरियन’ शब्दाची सुरुवात आणि शेवट जोडून ‘व्हीगन’ शब्द तयार केला. काळ युद्धाचा, अन्न रेशनवर. मांसाचा वाटा सोडणाऱ्या नोंदणीकृत शाकाहाऱ्यांना सरकार बदल्यात जास्तीचं चीज देई. जे चीजही खात नाहीत त्यांचा विचार कुणाच्या हिशेबात नव्हता.

या माणसांपुढचा रोजचा प्रश्न तत्त्वाचा नव्हता, दुकानातला होता. बिस्किटात लोणी आहे का? साबणात चरबी आहे का? बुटाला कुठला डिंक लावलाय? मग कंपन्यांना पत्रं लिहायची, उत्तरं गोळा करायची आणि चालतील अशा मालाची यादी छापायची. कंपनीने कृती बदलली की यादी शिळी. १९९० मध्ये संस्थेने सूर्यफुलाचं चिन्ह सुरू केलं तेव्हा चौकशीचं हे ओझं ग्राहकाकडून उत्पादकाकडे गेलं. उत्पादकाने एकेका वस्तूची माहिती द्यायची, संस्थेने तपासायची, मग चिन्ह.

हे काम घटकांची यादी वाचून होत नाही, कारण काही गोष्टी यादीत येतच नाहीत. बिअर निवळण्यासाठी माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ शतकानुशतकं वापरला जायचा. तो गाळाबरोबर खाली बसतो, बाटलीत जवळजवळ उरत नाही. गिनेससारख्या जुन्या कंपनीने तो वापरणं गेल्या दशकात थांबवलं. चीजचं विरजण वासराच्या पोटातलं की सूक्ष्मजीवांपासूनचं, हेही पाकिटावरून बहुधा कळत नाही.

आपल्याकडे न्यायालयं मधे आली. सौंदर्यप्रसाधनांवरही खूण हवी असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटलं. ग्राहकाला माहितीचा हक्क आहे, हा आधार. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल रद्द केला, हा धोरणाचा प्रश्न म्हणून. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेच आणखी एक आदेश दिला: घटक नुसता ई ६३१ असा आकड्याने लिहू नका, तो वनस्पतीचा की प्राण्याचा तेही सांगा. ई ६३१ चिप्स आणि नूडल्समध्ये स्वादासाठी असतो आणि तो मांसामाशांपासूनही मिळवता येतो, वनस्पतीजन्य पदार्थांपासूनही.

जून २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन अन्नाचे वेगळे नियम आणले. हिरव्या चौकटीत ‘व्ही’ आणि त्यावर पान, असं चिन्ह. इथे दूध वगळलेलं नाही, मधही नाही. घटकच नव्हे तर प्रक्रियेत वापरलेले साहाय्यक पदार्थही प्राणिजन्य नकोत आणि प्राण्यांवर चाचणी नको. हिरवा ठिपका उत्पादक स्वतः छापतो. हे चिन्ह लावायला आधी मान्यता लागते.

या चिन्हाने खरेदी सोपी होते यात शंका नाही. पण त्याच्याकडून भलती अपेक्षा जीवघेणी ठरू शकते. इंग्लंडमधल्या बाथ शहरात २०१७ मध्ये दुधाची तीव्र ॲलर्जी असलेली एक बाई सँडविचच्या प्रकारातला एक रोल खाऊन मरण पावली. त्यातलं दही नारळाचं, व्हीगन म्हणून विकलेलं. त्यात दुधाचं प्रथिन शिरलं होतं. व्हीगन चिन्ह हेतू आणि कृती यांची ग्वाही देतं, ॲलर्जीची नव्हे, आणि हा फरक पाकीट हातात घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

आणि आपला अपवाद अजून तिथेच आहे. दुधाची पिशवी हिरव्या ठिपक्याची. म्हैस दूध देण्यासाठी व्यावी लागते आणि निम्मी वासरं रेडे होतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल कापायला बंदी आहे, म्हशी-रेड्यांना नाही. दूध न देणारा रेडा गोठ्यातून कुठे जातो हे दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला माहीत असतं. त्याच्यावर दोष टाकण्यात अर्थ नाही. त्याच्या दुधाला मिळणाऱ्या भावात रेडा पोसणं बसत नाही. मात्र त्या गोठ्यातल्या दुधाच्या पिशवीवर हिरवा ठिपका असतो आणि त्याच गोठ्यातल्या रेड्याच्या मांसावर तपकिरी खूण, २०२० च्या नियमांपासून गोलाऐवजी त्रिकोण, रंगांधांनाही ओळखता यावी म्हणून.