बोटांच्या ठशांची माहिती फुटल्यास लाभार्थ्यांनी काय करावे?

पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठ्याचा ठसा बदलता येत नाही. म्हणून ठशांची माहिती फुटल्यास तो 'लॉक' करणे आणि वेळेत तक्रार करणे, हे दोनच उपाय हाती राहतात.

बेंगळुरूमध्ये काय घडले?
२०२३ मध्ये मालमत्तेची नोंदणी केलेल्या अनेक नागरिकांच्या खात्यांतून ओटीपी न येताच पैसे काढले गेले. कर्नाटकच्या 'कावेरी' नोंदणी पोर्टलवरील दस्तांच्या प्रतींवरून ठसे व आधार क्रमांक मिळवून आधार-आधारित पेमेंटद्वारे (एईपीएस) ही रक्कम काढल्याचे पोलिस तपासात पुढे आले. यात खातेदारांची चूक नव्हती.

पैसे गेल्यास
१. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.
२. बँकेत लेखी अर्ज द्या व पोच घ्या. चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार नुकसान तुमच्यावर येत नाही.
३. एमआधार ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करा. त्यासाठी आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. नसल्यास आधार सेवा केंद्रात जा. मदतीसाठी १९४७.

लॉक केल्यास पेन्शन किंवा रेशन बंद होईल का?
नाही. तुमची पात्रता कायम राहते आणि अनुदान खात्यात जमा होत राहते. मात्र लॉक असताना रेशन दुकानात किंवा बँक मित्राकडे अंगठा चालणार नाही. तेथे जाण्यापूर्वी तात्पुरते अनलॉक करा. थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा लॉक होते. ओटीपी कोणालाही सांगू नका.

कार्यालयांची जबाबदारी
माहिती फुटल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेला कळवणे २०२२ पासून बंधनकारक आहे. बाधित व्यक्तींनाही कळवावे, अशी तरतूद डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये आहे. त्यासाठी कोणाला कळवायचे याची यादी आणि लाभार्थ्यांच्या भाषेतील सूचनेचा मसुदा कार्यालयाने आधीच तयार ठेवावा. फक्त इंग्रजीत आलेला संदेश अनेकांपर्यंत पोहोचतच नाही, आणि तीन दिवस निघून जातात.