कांदळ आणि पाकट : दोन नावांची साक्ष

खाजणातील कांदळ ही वनस्पती आणि पाकट हा मासा. दोहोंत साम्य ते नावांच्या इतिहासाचे. लिनीयसने १७५३ मध्ये एका कांदळास ‘कांदेल’ हे मलबारी लोकनामच दिले. फोर्स्कोलच्या १७७५ च्या ग्रंथात तांबड्या समुद्रातील एका पाकटास ‘सेफेन’ हे अरबी नाव मिळाले. परंतु सेफेनमागे उरला तो केवळ शब्द. कांदेलचा आधार असलेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’च्या १६७८ मधील पहिल्या खंडात मात्र इट्टी अच्युतन यांच्या दाखल्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व आपू भट या कोचीच्या वैद्यांचे १६७५ चे कोंकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. शब्द हा पुरावा खरा. पण साक्षीदाराच्या नावावाचून तो अपुराच होय.